हाताने शिवलेली वही आणि कोल्हापूरचा काळा दगड

महाद्वार रोडला येऊन मिळणाऱ्या एका बोळात पुस्तकबांधणीचे लहानसे दुकान आहे. तेथे ग्राहकाने सांगितलेल्या मापाची आणि सांगितलेल्या कागदाची वही हाताने शिवून मिळते. दुकानाला पाटी नाही आणि बांधणी करणाऱ्या मामांना आपले नाव कोठे छापून यावे असे वाटत नाही; त्यांच्या इच्छेचा मान राखून मी केवळ त्यांच्या कामाविषयी लिहीत आहे. मी कोल्हापुरातील जुन्या इमारतींचे तपशील जागेवर उभी राहून रेखाटते आणि त्या रेखाटनांवरून घरी भरतकाम, ठिगळकाम करते, वाकळ शिवते. त्यामुळे माझ्या वहीला दोन ठिकाणी काम असते. बाहेर ती एका हातावर तोलून धरता आली पाहिजे आणि उन्हातान्हात टिकली पाहिजे. घरी आल्यावर तिच्यातील कमान किंवा वेल जशीच्या तशी कापडावर उतरवता आली पाहिजे. या दोन्ही गोष्टी साधणारी तयार वही मला बाजारात मिळाली नाही, म्हणून मी ती बांधून घेतली. उन्हाळा, पावसाळा आणि पुन्हा उन्हाळा पाहिल्यानंतर तिच्याविषयी लिहिण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे.

बाजारातील रेखाटनाच्या वह्या बहुधा दोन प्रकारच्या असतात. काही तारेच्या वेटोळ्यात ओवलेल्या असतात आणि काहींच्या पानांच्या कडा पाठीकडून गोंदाने चिकटवलेल्या असतात. तारेची वही सपाट उघडते, परंतु दोन पानांच्या मधोमध तार येते आणि दोन पानांवर पसरलेली इमारत बरोबर दारापाशी तुटते. गोंदाची वही सपाट उघडतच नाही. ती दाबून उघडली की पाठीचा गोंद तडकतो आणि पाने सुटू लागतात. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या दर्शनी भागाची माझी रेखाटने अशाच एका गोंदाच्या वहीत होती. राजर्षी शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधून घेतलेले आणि १९१५ मध्ये सुरू झालेले ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. दुसऱ्या दिवशी, ज्यांचे नाव नाट्यगृहाला दिले आहे त्या संगीत नट केशवरावांची जयंती होती. त्या आठवड्यात मी जुनी वही शोधून काढली, तेव्हा तिची मधली पाने सुटून कोठेतरी पडून गेलेली होती. छायाचित्रे भरपूर उपलब्ध आहेत, परंतु हाताने मोजून, पुन्हा पुन्हा पाहून काढलेल्या रेषेत जो तपशील साठतो तो छायाचित्रात सापडत नाही, हे भरतकाम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागणार नाही. त्यानंतर वहीची बांधणी ही माझ्यासाठी दुय्यम बाब राहिली नाही.

मामा ज्या पद्धतीने वही बांधतात तिला जुजबंदी म्हणतात. चार-चार कागद एकत्र दुमडून त्यांचा एक जुज केला जातो, म्हणजे एका जुजात आठ पाने किंवा सोळा पृष्ठे येतात. प्रत्येक जुजाच्या घडीतून सुईदोरा आरपार जातो, कण्यावर आडव्या ठेवलेल्या सुती फितीला वेढा घालतो आणि पुढच्या जुजात शिरतो. अशा रीतीने प्रत्येक पान दोऱ्याने धरलेले असते आणि खळ, म्हणजे चिकटवण्याची चिकी, केवळ कण्याला आधार देते. वही कोठेही उघडली तरी जुजाच्या मधोमध ती टेबलावर पूर्ण सपाट बसते, आणि दोन जुजांच्या मधल्या जागीही दरी अगदी बारीक राहते. दोरा मेणावरून ओढून घेतलेला असल्यामुळे तो घडीतील कागद कापत नाही. जुजांची संख्या वाढली की घडीतल्या दोऱ्यामुळे कणा फुगतो. तो किती फुगू द्यायचा याचा अंदाज दोऱ्याच्या जाडीवरून आधीच बांधावा लागतो. मामांनी माझ्या वहीसाठी दोरा दोनदा बदलून पाहिला. हे काम त्यांनी शाहूपुरीतील व्यापाऱ्यांच्या कीर्द-खतावण्या बांधता बांधता हाती बसवले. राजर्षींनी १८९५ मध्ये वसवलेली ती गुळाची पेठ जोवर हिशेब कागदावर मांडत होती, तोवर लाल कापडी पाठीच्या वह्यांना खंड नव्हता. आता हिशेब संगणकावर गेले आहेत आणि दुकानात येणारे बहुतेक काम महाविद्यालयांच्या प्रबंधांचे असते. ती बांधणीही चांगलीच असते, परंतु मामांचा हात जुजबंदीवर जसा रमतो तसा प्रबंधांवर रमत नाही, हे समोर बसून पाहिले की कळते.

मी पहिल्यांदा आडवी वही मागितली होती, कारण इमारतींचे दर्शनी भाग बहुधा लांबट असतात. मामांनी मला त्यापासून परावृत्त केले. ‘ताई, आडवी वही दिसाया बरी, पण तिचा कणा आखूड पडतोय. पानांचं वजन तिला खाली ओढतंय. तुमी उभी घ्या, उघडली की आपोआप आडवी हुतीया,’ असे ते म्हणाले. हा सल्ला सर्वार्थाने योग्य ठरला. १४८ बाय २१० मिलिमीटरची उभी वही उघडली की २९६ मिलिमीटर रुंदीचा अखंड कागद समोर येतो, आणि बंद केल्यावर तीच वही पिशवीच्या कप्प्यात बसते.

कागदाची मांडणी हा या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग आहे. माझ्या प्रत्येक जुजात १५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा) रेखाटनाचा कार्ट्रिज कागद, एक मिलिमीटर चौकटींचा आलेख कागद आणि आरपार दिसणारा पातळ बटर पेपर असे तीन प्रकार आहेत. कार्ट्रिजवर इमारत पाहून रेखाटायची, आलेखावर तिचे टाके मोजायचे आणि बटर पेपरवर खाका काढायचा, असा क्रम एकाच जुजात पूर्ण होतो. तिन्ही कागदांची जाडी वेगळी असल्याने ते एकत्र दुमडले की पाने पुढेमागे होतात. म्हणून मामा शिवण्यापूर्वी जुज दाबात ठेवतात आणि शिवून झाल्यावरच कडा कापतात. कागदातील तंतूंची दिशाही ते तपासून घेतात. कागदाची एक पट्टी ओल्या बोटाने पुसली की ती ज्या बाजूने वळते तिच्यावरून तंतू कसे धावतात ते समजते, आणि घडी त्या तंतूंच्या दिशेनेच घालायची असते. आडव्या तंतूंवर घातलेली घडी तडकते आणि पान उलटताना ताठर राहते. दुकानातील कागद विकत घेताना ही गोष्ट कोणी पाहत नाही. येथे ती न सांगता पाहिली गेली.

खळ मैद्याची असते आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात थोडे मोरचूद घातलेले असते. पुठ्ठ्याच्या पाठीवर कातडे आहे. कोल्हापुरी चपलेला लागते तेच, बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले हे कातडे मामा ओळखीच्या चप्पल कारागिराकडून आणतात आणि रापीने पातळ तासून घेतात. त्याचा रंग सुरुवातीला फिका बदामी होता. हाताच्या स्पर्शाने आणि उन्हाने तो आता दाट तपकिरी झाला आहे.

वहीची खरी परीक्षा टाऊन हॉलच्या आवारात झाली. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली ही इमारत काळ्या पाषाणात असूनही तिचे सर्व वळण गॉथिक आहे: टोकदार कमानी, उतरते उंच छप्पर आणि आकाशात निमुळते होत जाणारे मनोरे. आत वस्तुसंग्रहालय आहे आणि तेथील, कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातील वस्तूंमध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती प्रसिद्ध आहे. परंतु माझे काम बाहेरच्या बागेतूनच अधिक होते. टोकदार कमान हाताने काढणे दिसते तितके सोपे नाही. दोन वर्तुळखंड एका बिंदूत मिळतात, आणि दोन्ही बाजूंचा बाक किंचितही वेगळा झाला की कमान कलल्यासारखी दिसते. पाने सपाट बसत असल्यामुळे मला कमानीचे टोक बरोबर घडीवर ठेवता आले आणि डावी-उजवी बाजू दोन पानांवर समान अंतरात मांडता आली. पुढे वही मिटून घडीवरच बटर पेपर दुमडला, तेव्हा दोन्ही बाजूंतील फरक लगेच नजरेस आला. गोंदाच्या वहीत घडीजवळचा बोटभर भाग वाकून आत जातो, त्यामुळे हे कधीच शक्य झाले नसते.

त्यानंतर मी हीच वही न्यू पॅलेसला नेली. १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिलेला हा राजवाडा मँट यांनीच आखला, परंतु १८८१ मध्येच त्यांचे निधन झाल्यामुळे पूर्ण झालेली इमारत त्यांना पाहता आली नाही. टाऊन हॉलमध्ये त्यांनी इंग्लंडमधील वळण जसेच्या तसे उचललेले दिसते. येथे मात्र घुमट, छत्र्या, नक्षीदार कमानी आणि मधोमध घड्याळाचा मनोरा अशी भारतीय आणि युरोपीय घाटांची सरमिसळ आहे, आणि तीही चकचकीत घोटलेल्या काळ्या दगडात. एकाच हाताने काही वर्षांच्या अंतराने आखलेल्या या दोन इमारतींच्या कमानी मी समोरासमोरच्या पानांवर काढल्या. डावीकडे टाऊन हॉलची टोकदार कमान आणि उजवीकडे राजवाड्याची, असे ते पान उघडले की मँट यांच्या विचारात काय बदलले ते चटकन समजते. माझ्या वहीतील हे सर्वांत महत्त्वाचे पान आहे आणि कोणत्याही पाहुण्याला मी प्रथम तेच दाखवते. राजवाड्यातील संग्रहालयात छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. दरबार सभागृहातील शिवचरित्रातील प्रसंगांच्या रंगीत काचा मनात साठवून बाहेर यावे लागते आणि मग बसून त्यांचे रंग लिहून ठेवावे लागतात. त्यासाठी आलेखाचे पान उपयोगी पडते, कारण चौकटींचे गट पाडून प्रत्येक गटात रंगाचे नाव आणि दोऱ्याचा क्रमांक लिहिता येतो.

अंबाबाईच्या मंदिराची गोष्ट निराळी आहे. तेथे गर्दी असते, उभे राहण्यास जागा मिळतेच असे नाही आणि भाविकांची वाट अडवून रेखाटत बसणे योग्यही नाही. प्रदक्षिणेच्या वाटेवरून बाहेरच्या भिंतीला पडलेले कोन, एकावर एक चढत गेलेले थर आणि कोनाकोनांतील मूर्ती पाहत जायचे आणि आडोशाला थांबून मिनिटभरात चार रेषा ओढायच्या, अशीच ती पद्धत असते. अशा वेळी वहीचा पुठ्ठा हातावर ताठ राहिला पाहिजे. मामांनी त्यासाठी दोन पुठ्ठे एकमेकांवर चिकटवून जाड पाठ केली आहे आणि तिचा उपयोग मला सर्वाधिक तेथेच झाला. भवानी मंडपाच्या नगारखान्याखालून रहदारी सुरू असताना, उभ्याने पेन्सिल चालवतानाही वही वाकली नाही.

आता घरच्या कामाकडे वळते, कारण ही वही मुळात त्यासाठी घेतली आहे. कमानीचा नमुना बटर पेपरवर उतरवला की रेषेवरून सुईने जवळजवळ भोके पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि पुरचुंडीत बांधलेली खडूची पूड त्यावरून हलके आपटायची. भोकांतून पूड उतरते आणि कापडावर ठिपक्यांची रेषा उमटते. जुजातील बटर पेपर शिवणीजवळून स्वच्छ कापून घेता येतो, कारण त्याची जोडपाने मी मुद्दाम जुजाच्या मध्यात ठेवून घेतली आहेत. एक पान काढले तरी दुसरे दोऱ्यात राहते आणि शिवण सैल होत नाही. टाऊन हॉलच्या कमानींसाठी मी आईची जुनी, विरलेली चंद्रकळा वापरली. काळ्या दगडासाठी काळे कापड हे सहज सुचले, परंतु प्रत्यक्षात त्या दगडाचा काळा रंग कधीच एकसारखा नसतो. पावसात तो निळसर होतो आणि वैशाखात धुळीने राखी पडतो. वहीत ऋतूनुसार केलेल्या रंगांच्या नोंदी हाताशी होत्या म्हणून मी दगडांचे सांधे राखी दोऱ्याच्या उलट्या टिपेने आणि कमानीची कड निळसर साखळी टाक्याने भरू शकले. न्यू पॅलेसच्या काचा मॅटीवर, म्हणजे धागे मोजता येतील अशा विणीच्या कापडावर, मोजून घातलेल्या टाक्यांत उतरल्या. आलेखाची एक चौकट म्हणजे एक टाका, असे सरळ गणित असल्यामुळे उसवण्याची वेळ फारशी आली नाही. मंदिराच्या भिंतीचे कोन सध्या वाकळीत बसवत आहे. वाकळ कडेपासून आत, एकात एक चौकोन घेत धावदोऱ्याने शिवली जाते, आणि पायरीपायरीने आत-बाहेर होणारी मंदिराची रेषा त्या शिवणीला विलक्षण शोभते. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी घडवला, त्या गावात हातकामाला आजही गिऱ्हाईक आणि जाणकार दोन्ही भेटतात. या वाकळीसाठी जुन्या लुगड्यांचे तुकडे शेजारच्या घराघरांतून आपणहून आले.

दोषही स्पष्टपणे नोंदवायला हवेत. वही जड आहे. तीन प्रकारचे कागद, दुहेरी पुठ्ठा आणि कातडे मिळून जे वजन होते, ते दिवसभर खांद्यावर वागवणे प्रत्येकाला जमणार नाही. बटर पेपर घडीपाशी दोऱ्याने फाटतो. पहिल्या दोन जुजांत असे झाल्यावर मामांनी उरलेल्या वहीत त्याच्या घडीवर मलमलीची बारीक पट्टी चिकटवून दिली आणि तेव्हापासून ती तक्रार राहिली नाही, परंतु ही पट्टी सुरुवातीलाच मागून घ्यावी. आलेख कागदाची छापील शाई पाण्याने पसरते, त्यामुळे त्या पानांवर जलरंग वापरता येत नाहीत. कार्ट्रिजवरही हलका हात पुरतो, भरपूर पाणी घातले की कागद लाटा धरतो. ज्यांना मुख्यतः जलरंगातच काम करायचे आहे त्यांनी जाड जलरंगाचा कागद स्वतः आणून द्यावा, मामा त्याचे जुज आनंदाने बांधतात.

कातड्याचा प्रश्न थोडा गंभीर आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात वनस्पतींनी कमावलेल्या कातड्यावर पांढरी बुरशी येते. माझ्या वहीवरही श्रावणात ती आली. कोरड्या कापडाने पुसून, वाऱ्यावर ठेवून आणि तेलाचा अगदी पुसट हात देऊन ती गेली, पण बंद कपाटात वही विसरून गेल्यास परिस्थिती बिकट होऊ शकते. दुसरी काळजी भरतकाम करणाऱ्यांनी विशेष घ्यावी. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस हा लोखंडाचा क्षार यांपासून काळी शाई याच गुणामुळे बनत असे. वहीच्या पाठीला सुई किंवा टाचणी टोचून ठेवण्याची आपल्याला सवय असते. पावसाळी दिवसांत तसे केले की कातड्यावर आणि लगतच्या कापडावरही काळे ठिपके उमटतात, आणि ते धुऊन जात नाहीत. सुयांसाठी आतल्या बाजूला फ्लॅनेलचा तुकडा चिकटवून घेणे हा यावरचा साधा उपाय आहे. ज्यांना ही निगा नको असेल त्यांनी कातड्याऐवजी खतावणीचे लाल कापड निवडावे. ते स्वस्त पडते, हलके असते आणि माझ्या मते दिसायलाही अधिक देखणे आहे.

कातड्याच्या पाठीच्या माझ्या वहीला साडेआठशे रुपये पडले आणि त्यात कागद मामांचाच होता. यंत्रावर बनलेल्या वहीच्या तुलनेत ही रक्कम अधिक वाटेल, परंतु एका वहीचे सगळे जुज हाताने शिवायला लागणारा वेळ पाहिला तर मला ती कमीच वाटते आणि मी ते मामांना सांगितलेही आहे. पैसे रोख द्यावे लागतात. सांगितलेल्या दिवशी वही तयार असेलच असे नाही. ‘घाईचं काम आसंल तर माझ्याकडं देऊ नकासा,’ असे ते प्रत्येकाला आधीच बजावतात, आणि परीक्षांच्या काळात प्रबंधांचे ढीग लागले की वह्यांचे काम मागे पडते. जाताना कागदाचे नमुने, हवे असलेले माप आणि एका जुजात कोणता कागद कोणत्या क्रमाने हवा याचे कच्चे टिपण बरोबर न्यावे. तोंडी सांगितलेला क्रम त्यांच्या लक्षात राहतो, पण कागदावर दाखवला की ते त्यात सुधारणाही सुचवतात आणि त्या सुधारणा ऐकण्यासारख्या असतात. ज्यांना केवळ अधूनमधून चार रेघा ओढायच्या आहेत त्यांना या वहीची गरज नाही. परंतु इमारत पाहून, मोजून, कापडावर उतरवण्याचे काम जे नेटाने करतात, त्यांनी एकदा तरी या दुकानाची पायरी चढावी असे मी आग्रहाने सांगेन.

पावसाळ्यात मात्र नवी वही सांगू नये. हवेतील ओलाव्यामुळे खळ नीट वाळत नाही, पुठ्ठा दाबातून काढला की वाकतो आणि मामा स्वतःच ते काम टाळतात. माझी दुसरी वही मी दसऱ्यानंतर सांगितली आहे: लाल कापडाची, बटर पेपरच्या प्रत्येक घडीला मलमलीची पट्टी असलेली, आणि आलेखाची पाने पहिल्या वहीपेक्षा दुप्पट.